सुट्या पानांचा चहा घरी सुरू करताना : पुणेकरांसाठी पायरीवार मार्गदर्शन

तीन वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत माझे हिमोग्लोबिन कमी आले, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून देण्याआधी एकच गोष्ट विचारली : "चहा जेवणाच्या किती जवळ घेता?" मी मनातल्या मनात दिवस मोजला. उठल्याबरोबर एक, पोह्यांबरोबर एक, कार्यालयात अकराला एक, डबा संपताच एक, चारला एक आणि घरी परतल्यावर सासूबाईंबरोबर एक, असे सहा कप होत होते. त्यांतले निदान तीन खाण्याला चिकटून होते आणि प्रत्येकात दोन चमचे साखर होती. चहा सोडायला डॉक्टरांनी सांगितले नाही. वेळा बदलायला सांगितल्या. वेळा बदलताना कपांची संख्या आपोआप घटली आणि जे दोन-तीन कप उरले ते तरी मनापासून आवडणारे असावेत, म्हणून मी सुट्या पानांच्या चहाकडे वळले. पहिले चार-पाच महिने चुका करण्यात गेले आणि बराच महागडा चहा मोरीत ओतला गेला. तुमचे पैसे आणि वेळ वाचावा, यासाठी जे समजले ते क्रमाने लिहीत आहे.

१. पान आणि भुकटी यांतला फरक समजून घ्या

काळा, हिरवा, ऊलाँग किंवा पांढरा, कोणताही खरा चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांपासून तयार होतो. पान खुडल्यावर ते किती सुकवले, किती वळले आणि हवेशी त्याचा किती संयोग होऊ दिला, यावर प्रकार ठरतो. हिरव्या चहाचे पान लगेच तापवून ही क्रिया थांबवतात, तर काळ्या चहात ती पूर्ण होऊ देतात. आपण कुंडीत लावतो तो गवती चहा निराळेच गवत आहे आणि त्यात कॅफिन नसते. संध्याकाळच्या कपाला तो फार उपयोगी पडतो, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्या घरी डब्यात असते ती बहुतेक सीटीसी भुकटी असते. १९३० च्या सुमारास आसामात आलेल्या या पद्धतीत दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे करतात. दाण्यांचा रंग झटपट उतरतो, दुधातही चव टिकते आणि थोड्या भुकटीत जास्त कप होतात. आपला आल्याचा दाट चहा या दाण्यांवरच उभा आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सुट्या पानांच्या चहात मात्र, ज्याला व्यापारी ऑर्थोडॉक्स म्हणतात, पान वळून जवळजवळ अखंड ठेवलेले असते. त्याचा रंग सावकाश उतरतो, सुगंध जास्त असतो आणि दुधाखाली तो सुगंध दबून जातो. त्यामुळे एकाच्या पद्धतीने दुसरा करू नये. मी पहिल्यांदा दार्जिलिंगचे पान आले, दूध आणि साखर घालून पाच मिनिटे खळखळा उकळले होते. तयार झालेला चहा इतका फिक्का आणि तुरट होता की सासूबाईंनी अर्धा कप ठेवून दिला.

२. साहित्य जमवा

नवीन वस्तू फार लागत नाहीत. माझ्या अनुभवात एवढे पुरते :

• झाकण असलेले भांडे किंवा चिनी मातीची किटली. काचेचे भांडे असल्यास पान उलगडताना दिसते; नसल्यास स्टीलचे पातेले आणि त्यावर ताटली चालते.
• बारीक जाळीची रुंद गाळणी. पाने मोकळी फुगायला हवीत, म्हणून साखळीला लटकणारा जाळीचा छोटा गोळा घेऊ नये. त्यात पान कोंडते आणि चव अर्धीच उतरते.
• अर्धा ग्रॅमही दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. चमच्याने अंदाज चुकतो, कारण घट्ट वळलेले आसामचे पान एक चमचाभर घेतले तरी अडीच ग्रॅम भरते, तर सैल पानाचे तेवढ्याच वजनाला दोन चमचे लागतात.
• गजर लावता येणारे घड्याळ किंवा मोबाईल.
• घट्ट झाकणाचा, आतले न दिसणारा डबा.

तापमापक असल्यास उत्तम, पण त्याच्यावाचून अडत नाही. ती युक्ती पुढे सांगितली आहे.

३. पहिली खरेदी पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त करू नका

नवख्या माणसाने सुरुवात कशाने करावी, यावर माझे मत स्पष्ट आहे : निलगिरीच्या किंवा आसामच्या ऑर्थोडॉक्स काळ्या चहाने करावी. निलगिरीचा चहा स्वभावाने सौम्य असतो आणि एखादे मिनिट जास्त मुरला तरी सांभाळून घेतो. ज्यांना दूध सोडवत नाही त्यांनी आसाम घ्यावा, कारण त्यात दूध पेलण्याइतका कस असतो. दार्जिलिंग तिसऱ्या-चौथ्या महिन्यासाठी राखून ठेवावा. तेथील वसंतातली पहिली खुडणी, म्हणजे फर्स्ट फ्लश, रंगाला हलकी आणि फुलांच्या वासाची असते. मे-जूनमधली दुसरी खुडणी अधिक भरदार असते. दोन्ही सुंदर आहेत, पण जीभ दूध-साखरेला सरावलेली असताना पहिली खुडणी नुसती गरम पाण्यासारखी लागते आणि माणूस निराश होतो.

पुण्यात पेठांमध्ये डब्यातून काढून तोलून देणारी चहाची दुकाने अजून आहेत. तेथे बहुतेक माल भुकटीचा असतो, म्हणून "पानांचा, ऑर्थोडॉक्स आहे का?" असे स्पष्ट विचारावे. चिमूटभर पान तळहातावर मागून घ्यावे, मूठ बंद करून त्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडावी आणि मग वास घ्यावा. ताज्या पानाचा वास लगेच वर येतो. जुन्या पानाला गवताच्या पेंढीसारखा कोरडा वास असतो. एका दुकानातून मी मोठ्या हौसेने आणलेल्या चहाला घरी आल्यावर लवंगेचा वास येऊ लागला, कारण त्याचा डबा मसाल्यांच्या शेजारी उघडा राहत होता. चहाचे पान आजूबाजूचा कोणताही वास पटकन ओढून घेते, म्हणून डबे कोठे ठेवले आहेत हे पाहूनच खरेदी करावी.

पाकीट घ्यायचे असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक. दुसरी, पॅकिंगचा महिना, आणि शक्य असेल तर खुडणीचा हंगामसुद्धा. तिसरी, दार्जिलिंग असेल तर चहाची पाने हाती धरलेल्या स्त्रीचे गोल बोधचिन्ह. दार्जिलिंग चहाला २००४ साली भारतातले पहिले भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे हे नाव कोणत्याही डोंगरी चहाला लावता येत नाही. पाकिटावरची एफटीजीएफओपी अशी लांबलचक अक्षरे पाहून मात्र भारावून जाऊ नये. ती पानाचा आकार आणि त्यातल्या कळ्यांचे प्रमाण सांगतात, चवीची हमी देत नाहीत.

किंमत ऐकून अनेक जण दुकानातूनच परततात, म्हणून हिशेब मांडून दाखवते. शंभर ग्रॅमला ८०० रुपये असा चहा धरला आणि कपाला अडीच ग्रॅम घेतले, तर चाळीस कप होतात, म्हणजे कप वीस रुपयांना पडतो. तेच पान दुसऱ्यांदा वापरता येते, तेव्हा तो दहावर येतो. रोज दोन कपांसाठी हा खर्च बाहेरच्या चहाहून फारसा वेगळा नाही.

सुटा चहा पहिल्यांदा घरी आणल्यावर एक साधी तपासणी करावी. गाळणकागदावर थोडी पाने पसरून पाणी शिंपडावे, काही वेळाने पाने काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरावा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. कृत्रिम रंग असेल तर कागदावर ठळक डाग उमटतात.

४. पाणी पाहून घ्या

कपात जवळजवळ सगळे पाणीच असते, तरी सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडे जाते. महापालिकेचे खडकवासल्याकडून येणारे पाणी गाळून घेतले की चहाला चांगले असते. उन्हाळ्यात ज्या सोसायट्यांना टँकरचे किंवा बोअरचे पाणी घ्यावे लागते, तेथे मात्र पाणी जड असते. अशा पाण्यात चहाचा रंग मळकट होतो, वर पातळ साय आल्यासारखा तवंग दिसतो आणि सुगंध बसतो. आमच्या इमारतीत एका मे महिन्यात हे घडले तेव्हा मी आठवडाभर चहालाच दोष देत होते. अशा दिवसांत चहापुरते शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरावे. मात्र क्षार पार काढून टाकलेल्या पाण्यात चहा सपक लागतो, म्हणून यंत्रात क्षारांचे प्रमाण ठरवायची सोय असेल तर ते अगदी खाली आणू नये. दर वेळी ताजे पाणी घ्यावे. सकाळचे उरलेले उकळलेले पाणी पुन्हा तापवू नये.

५. पान मुरवा, उकळू नका

या लेखातली मुख्य पायरी हीच आहे, त्यामुळे ती सावकाश वाचावी.

काळ्या चहासाठी दोनशे मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पान घ्यावे. पाण्याला उकळी येताच गॅस बंद करावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, आणि आसाम किंवा निलगिरीला तेवढी उष्णता योग्यच आहे. भांडे आधी थोड्या गरम पाण्याने विसळून घ्यावे, कारण थंड भांड्यात पाणी ओतताक्षणीच बरीच उष्णता निघून जाते. मग पान टाकून वरून पाणी ओतावे, झाकण ठेवावे आणि गजर लावावा : निलगिरीला तीन मिनिटे, आसामला चार मिनिटे. गजर वाजताच सगळा चहा गाळून पानापासून वेगळा करावा. पान किटलीत तसेच राहू दिले तर दुसरा कप कडू होतो. नवख्यांकडून ही चूक सर्वांत जास्त होते.

पहिल्या दिवशी काचेच्या भांड्यात करून पाहा. काळपट, काडीसारखी दिसणारी पाने आधी वर तरंगतात. अर्ध्या मिनिटात त्यांच्या कडेने तांबूस रेषा खाली उतरू लागतात आणि मग एकेक पान पाणी पिऊन जड होऊन तळाला जाते. तीन मिनिटांनी गाळणीतले एखादे पान बोटांनी उलगडून बघा. दोन पाने आणि मधली कळी अशी खुडणी काही वेळा अखंड मिळते, आणि पानाची दातेरी कडही स्पष्ट दिसते. त्याचा रंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखा असेल तर चहा चांगला आहे असे समजावे.

चहा कडू झाला तर वेळ कमी करा, फिक्का झाला तर पान वाढवा. हा एक नियम पाळला तरी निम्म्या अडचणी सुटतात. फिक्का लागतो म्हणून वेळ वाढवली की चव न वाढता तुरटपणा वाढतो, हे मी फार उशिरा शिकले.

हिरव्या चहाला उकळते पाणी चालत नाही. त्याला ७५ ते ८० अंशांचे पाणी आणि दोन मिनिटे पुरतात. तापमापक नसेल तर तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पाणी मिसळावे. मिश्रण ऐंशीच्या आसपास येते. हिरवा चहा आवडत नाही असे सांगणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींनी तो नेहमी उकळूनच प्यायला होता. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीसाठी उकळी बसल्यावर मिनिट-दीड मिनिट थांबून पाणी ओतावे आणि तीन मिनिटे मुरवावे.

दूध हवे असेल तर आसाम पाच मिनिटे मुरवून, गाळून, मग वेगळे गरम केलेले दूध दोन चमचे घालावे. पानाबरोबर दूध उकळू नये.

तेच पान पुन्हा वापरताना वेळ एक-दीड मिनिटाने वाढवावी. पान ओले करून ठेवल्यावर दोन-तीन तासांत दुसरा चहा करावा. रात्रभर ठेवलेले पान वापरू नये.

६. कपांच्या वेळा ठरवा

चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात नीट शोषले जात नाही. पालेभाजी, डाळी, नाचणी, बाजरी अशा शाकाहारी अन्नातल्या लोहाला हा अडथळा विशेष होतो, आणि आपल्याकडच्या अनेक स्त्रियांचे जेवण असेच असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. त्याच सूचनांत दिवसभराच्या कॅफिनची मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली असून एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते असे म्हटले आहे. माझ्या जुन्या सहा कपांचा हिशेब या मर्यादेच्या अगदी काठावर जात होता.

आता माझा दिवस असा चालतो. उठल्यावर आधी पेलाभर पाणी पिते आणि टेकडीवर चालायला जाते. सात वाजता परत आल्यावर पहिला कप होतो आणि नाश्ता साडेआठला. दुसरा कप दुपारी साडेतीनला, म्हणजे डबा खाऊन दोन तास झालेले असतात. संध्याकाळी सासूबाईंबरोबर बसायचे असते, ते मला मोडायचे नव्हते, म्हणून त्या वेळी आम्ही दोघी गवती चहा आणि आले घालून नुसता काढा घेतो. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या चहाचा परिणाम रात्री अकरालाही बराच शिल्लक असतो. झोप न येण्याची तक्रार असलेल्यांनी हा एक कप आधी हलवून पाहावा.

काही सवयी विशेष जपून बदलाव्यात. चतुर्थीला किंवा एकादशीला उपवासाच्या नावाखाली रिकाम्या पोटी चार-पाच कप घेणारी मंडळी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत; त्यातून पित्त वाढते आणि डोके दुखते ते वेगळेच. थायरॉईडची गोळी पाण्याबरोबरच घ्यावी आणि चहा निदान अर्धा-पाऊण तासाने घ्यावा. लोहाची गोळी तर चहापासून तासभर तरी दूर ठेवावी. गरोदर स्त्रियांनी कॅफिनची मर्यादा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. चहा फार कढत पिऊ नये, कारण ६५ अंशांहून अधिक गरम पेये वारंवार पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे. गाळलेला चहा पाच मिनिटे ठेवून मग प्यावा. त्याचा सुगंधही तेव्हाच नीट कळतो. बशीत ओतून पिण्याची जुनी पद्धत या दृष्टीने शहाणपणाची होती.

हिरव्या चहाने वजन झरझर उतरते, असे सांगून विकणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. चहा हे औषध नाही. साखर-दूध कमी होणे, जेवणाच्या वेळा सुटसुटीत होणे आणि झोप सुधारणे यांचा फायदा मला झाला. हिमोग्लोबिन वाढले ते गोळ्या, आहार आणि वेळा यांच्या एकत्र परिणामाने.

७. साखर एकदम बंद करू नका

दिवसाला सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४८ ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जात होती. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सर्व मिळून सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणे चांगले मानते. मी दर आठवड्याला पाव चमचा कमी केला. आठ आठवड्यांत साखर शून्यावर आली आणि मध्ये कधी चिडचिड झाली नाही. माझ्या यजमानांनी एका दिवसात साखर सोडली आणि चौथ्या दिवशी पुन्हा सुरू केली. साखरेऐवजी मध किंवा गूळ घालणे म्हणजे साखर सोडणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

८. साठवण

उजेड, दमट हवा, उष्णता आणि वास यांपासून पान दूर ठेवावे. ओट्यावरची, गॅसशेजारची काचेची बरणी दिसायला छान असली तरी चहासाठी वाईट आहे. फ्रिजमध्येही ठेवू नये. बाहेर काढताच डब्यात दव धरते. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघडे राहिलेले पाकीट आठवडाभरात मऊ पडते, म्हणून पावसाळ्यात डबा लहान ठेवावा आणि त्यात ओला चमचा घालू नये.

९. उन्हाळा आणि पाहुणे

एप्रिल-मे महिन्यांत गरम कप नकोसा होतो. अर्धा लिटर गार पाण्यात सहा ग्रॅम निलगिरी पान घालून, झाकून, रात्री फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी गाळावे. हा चहा मुळीच कडू होत नाही, गढूळ दिसत नाही आणि त्यात लिंबू पिळले की साखरेची आठवण राहत नाही. गाळल्यावर त्याच दिवशी संपवावा.

पाहुण्यांवर मात्र आपला नवा छंद लादू नये. आमच्याकडे कोणी आले की मी "कोरा चालेल की दुधाचा?" असे विचारते आणि दुधाचा हवा असेल त्यांना भुकटीचा, आले घातलेला, नेहमीचाच चहा करून देते. आपण दुसऱ्यांकडे गेल्यावर तीन घरी तीन कप होत असतील तर पहिल्या घरी घ्यावा आणि पुढे "आताच झाला, पाणी द्या" असे मोकळेपणाने सांगावे. आता कोणी वाईट वाटून घेत नाही. रविवारी टेकडीवरून उतरल्यावर मीही एखादा अमृततुल्यचा, वेलदोड्याचा, गोड चहा आवडीने घेते, आणि त्या दिवशी घरचा साडेतीनचा कप करत नाही.

वापरून झालेली पाने गाळणीतून निथळून, दिवसभर सावलीत पसरून, मग कुंडीच्या मातीत मिसळावीत. दूध-साखर घातलेला चोथा मात्र कुंडीत टाकू नये, मुंग्या लागतात. किटली साबणाने घासू नये. गरम पाण्याने दोनदा विसळून उपडी घालावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या कपाला साबणाचा वास राहत नाही.